पंधरा एचपी आणि नदीची ओटी

"चाळीसच्या खाली बोलूच नका, मॅडम," गजाननभाऊ म्हणाले आणि बोटीवर थाप मारली. "आपल्या टॅक्टरले पन्नास एचपी हाय. बोटीले पंधरा लावली तं लोकं हासतीन ना मले."

दुसरबीडजवळ त्यांच्या शेतातल्या शेडमध्ये आम्ही उभे होतो. एका बाजूला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला चौदा फुटांची नवीकोरी फायबरची बोट. गजाननभाऊ मोठे बागायतदार. खडकपूर्णेच्या धरणावर दोस्तांबरोबर गळ टाकून बसायचं, हा त्यांचा शौक. इतके दिवस तो काठावर भागायचा. आता त्यांना पाण्यात आत जायचं होतं.

मी आऊटबोर्ड मोटारींच्या एका डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर आहे. मूळची डोणगावची. बरीच वर्षं कोकणात मच्छिमारांच्या मोटारी खोलल्या, आता इकडची धरणं माझ्याकडे असतात. आऊटबोर्ड म्हणजे इंजिन, गिअर आणि पंखा सगळं एकाच खांबात बसवलेली मोटार. ती बोटीच्या मागच्या आडव्या फळीला बाहेरून अडकवतात. या फळीला आम्ही ट्रान्सम म्हणतो. लोक मोटारीची ताकद बघतात. मी आधी ही फळी बघते, कारण सगळं वजन तिच्यावर लटकणार असतं, आणि बोटीची सगळ्यात बुटकी बाजू बहुधा तीच असते.

ही फळी मला बुटकीच वाटली. किती एचपी झेपेल हे बोट बनवणाऱ्याने कुठेच लिहिलं नव्हतं.

"भाऊ, चाळीसची मोटार जवळपास क्विंटलभर भरते. पंधराची त्याच्या निम्मी."

"मंग? वजन मांगंच पाह्यजे. टॅक्टरचं मांगलं चाक भारी असते तवाच तं ओढते."

आमच्या जिल्ह्यात एचपी हा शब्द ट्रॅक्टरबरोबर आला. जितके एचपी, तितका माणूस मोठा. ट्रॅक्टरखाली जमीन असते आणि बोटीखाली पाणी, एवढं सांगायचं होतं मला. पण गिऱ्हाइकाला तोंडावर असं सांगितलं की ते दुसऱ्या डीलरकडे जातं आणि साठची घेऊन येतं.

बाहेर येऊन आमच्या साहेबांना फोन लावला.

"कस्टमर मागतोय ना? मग द्या," साहेब म्हणाले. "त्याच्या जबाबदारीवर घेतोय असं लिहून घ्या."

"सर, बोट बुडाली तर तो कागद तरंगेल. माणसं नाही."

"मॅडम, तुम्ही फार काळजी करता. महिन्याचं टार्गेट बघा जरा."

काळजी करते हे खरं आहे. घरचेही तेच म्हणतात. पण मोटार बसवून मी निघून जाते आणि माणसं तिच्या भरवशावर पाण्यात जातात. रात्री झोप मला लागायची असते, साहेबांना नाही.

परत आत गेले आणि भाऊंना म्हटलं, "तुमचं खरं की माझं, ते पाण्यावरच बघू. सोयाबीनची पोती आहेत ना?"

बोट ट्रॉलीवरून धरणाच्या काठाला नेली आणि कंबरभर पाण्यात सोडली. चाळीसच्या मोटारीच्या वजनाइतकी पोती मागच्या फळीला टेकवून ठेवायला लावली. मग भाऊंना मोटार चालवणारा बसतो त्या जागेवर बसवलं. भाऊ अंगाने चांगले भरलेले. बोटीचं नाक वर उचललं गेलं आणि मागची फळी पाण्यात बसत गेली.

"हात लावून बघा, पाणी किती खाली आहे."

त्यांनी मागे वाकून फळीवर हात ठेवला. फळीची कड आणि पाणी यांच्यात चार बोटं अंतर होतं. तेवढ्यात वाऱ्याने एक लहर आली आणि त्यांची बोटं ओली झाली.

"आत्ता बोट नुसती उभी आहे, भाऊ. दोस्त बसायचेत, पेट्रोलची टाकी ठेवायचीय. आणि मोटार फळीच्या बाहेर लटकते, म्हणजे यापेक्षा वाईटच."

भाऊंनी ओली बोटं उपरण्याला पुसली. मग म्हणाले, "पंधराची पळते तं बराबर?"

"चार माणसं घेऊन आरामात पळते. याहून लहान दिली असती, पण दुपारी वारा सुटला की काठाला परत यायला ताकद लागते."

पंधराची ठरली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा घाईत टाकला, हे मोटार बसवली त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी काठावर निम्मं गाव गोळा झालेलं. भाऊंचे वडील आबा खुर्ची टाकून बसलेले. मोटारीवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, लिंबू-मिरची. ट्रॅक्टर घेतला की चाकाखाली लिंबू ठेवतात. इथे चाक नाही, म्हणून कोणीतरी लिंबू पंख्यालाच बांधलं होतं. ते मी गुपचूप सोडून घेतलं. काठावरच्या दगडावर नारळ फुटला. आमच्या घरी नवी गाडी आली की बुद्धवंदना होते, पेढे वाटले की गाडी निघाली. त्यामुळे या पूजेत कशानंतर काय येतं याचा मला नीटसा अंदाज नसतो. नारळ फुटला म्हणजे झालं, असं मी धरून चालले.

पहिल्या फेरीला सगळं घर बसायला निघालं. ट्रॅक्टरच्या पहिल्या फेरीला बसतात तसंच. मी आडवी उभी राहिले. शेवटी भाऊ, त्यांच्या बायको मंदावहिनी, आबा आणि मी एवढ्यांवर तोडगा निघाला. आबा लाइफ जॅकेट घालायला तयार नव्हते.

"मी याच नदीत म्हशीचं शेपूट धरून पोवलो. मले हे खोगीर काऊन घालून राह्यली बाई?"

"आबा, जाकीट घाला, नाईतर मी मोटार चालू करू देत नाई."

पुटपुटत घातलं त्यांनी.

आबा पुढे, वहिनी आणि मी मधे, भाऊ मागे मोटारीच्या हँडलवर. या हँडललाच मोटरसायकलसारखी रेसची मूठ असते. आदल्या दिवशी मी भाऊंना पक्कं शिकवलं होतं की मूठ एकदम सोडायची नाही. बोट पळते तेव्हा तिच्यामागे एक लाट चालत येत असते. बोट अचानक थांबली तरी ती लाट थांबत नाही. शिकवताना भाऊंनी बोट अगदी हळू, झकास थांबवली होती.

काठ बराच मागे पडला. भाऊ खुशीत. लोक काठावरून ओरडत होते, भाऊंनी वेग वाढवला. मी पाण्याकडे बघत होते, कारण तिथे पूर्वीची नदी वाहायची आणि पाणी सगळ्यात खोल तिथेच होतं. तेवढ्यात वहिनींनी पिशवीतून खण, तांदूळ आणि दुसरा नारळ काढला.

"अवो, थांबवा! थांबवा! नदीची ओटी राह्यली ना!"

भाऊंनी मूठ पूर्ण सोडली. ट्रॅक्टर थांबवताना थांबवतात तशी. त्यांचा डावा पाय बोटीच्या तळावर क्लच शोधत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बोट जागच्या जागी बसली. ओटी सोडायला वहिनी उठून मागच्या फळीकडे गेल्या, कारण तिथूनच हात पाण्याला पोचत होता. सुनेच्या मागोमाग हात जोडत आबाही उठले, सगळा भार मागे आला.

आणि मागून लाट आली. फार मोठी नव्हती. फळीवरून ती सरळ आत आली आणि आमचे घोटे पाण्यात बुडाले.

"खाली बसा!" मी केवढ्याने ओरडले, मलाच माहीत नाही. "वहिनी, पुढे या, बसूनच या! आबा, तिथंच बसा!"

आबा मटकन खाली बसले. वहिनी गुडघ्यांवर सरकत पुढे आल्या, नारळ छातीशी धरून. आतलं पाणी मागे धावलं आणि फळी आणखी खाली गेली. अजून एक लाट आत आली असती तर खेळ संपला होता. जॅकेट घातलेला माणूस बुडत नाही हे मी लोकांना रोज सांगते. त्या क्षणी माझाच त्यावर विश्वास नव्हता.

"काय करू? ताई, काय करू?" भाऊ. मॅडमची ताई कधी झाली ते दोघांनाही कळलं नाही.

"रेस हळूच द्या. हळू. बोट पुढे चालू ठेवा, थांबवू नका."

मोटार बंद पडली नव्हती. बोट जडपणे पुढे सरकली आणि पुढची लाट फळीच्या बाहेरच राहिली. मी टाकीशेजारचा डबा घेऊन पाणी उपसायला लागले. वहिनी ओटीच्या ताटाने उपसत होत्या आणि रडत होत्या. काठ येईपर्यंत आम्ही उपसतच होतो.

काठावर उतरल्यावर भाऊंनी आबांना धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिथेच चिखलात बसले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "चाळीसची असती तं?"

"तर फळी आधीच चार बोटांवर होती, भाऊ. पहिल्याच लाटेत गेलो असतो."

त्यांनी मान खाली घातली आणि आबांचा ओला पाय आपल्या उपरण्याने पुसत राहिले. आबा मात्र वैतागले होते.

"मंदे, ओटी भरली का नाई?"

ओटी वहिनींनी काठावरूनच भरली, घोटाभर पाण्यात उभं राहून. मी गाडीत येऊन बसले. साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मोटारीत पाणी गेलंय का? ते वॉरंटीत बसत नाही हं."

भाऊ आता झकास बोट चालवतात. एचपीबद्दल बोलत नाहीत. त्यांचे दोस्त मोटार घ्यायला माझ्याकडेच येतात आणि आल्या आल्या विचारतात, किती एचपीची घेऊ? मी बोटीची लांबी विचारते, फळीची उंची विचारते, किती माणसं बसणार ते विचारते. पण त्याआधी विचारते, घरात ओटी कोण भरणार आहे? त्या बाईंना आधी फोन लावून द्या.