रंगांवरून ओळखू येणारी माणसे

सोलापूरच्या साखर पेठेत, मागांच्या अखंड खडखडाटात, अजिनाथ कोळेकर यांचे फोटोचे दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. जन्म सांगोला तालुक्यातल्या मेंढपाळ कुळातला. वडील सिदू आयुष्यभर मेंढरांमागे चालले. मुलाने मात्र हाती काठीऐवजी कॅमेरा धरला. तथापि पितृऋणाचे भान त्यास होते. दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा ज्या रानात उतरलेला असे, तेथे हा वर्षानुवर्षे जाई आणि आईवडिलांची, सोयऱ्यांची, मेंढरांची छायाचित्रे घेऊन परते. अशी हजारो छायाचित्रे त्याच्या संगणकात साठली होती. वडील निवर्तले, कळप विकला गेला आणि आई फुलाबाई सोलापुरास आल्या.

येथे आल्यावर त्यांची दृष्टी मंदावली. डोळ्यांचा पडदा झिजला आहे, उपाय नाही, असे वैद्यांनी सांगितले. आकृती लोपल्या, चेहरे, नाक, डोळे सारे धुक्यात विरले. केवळ रंग शाबूत राहिले. सायंकाळी दुकानातले गिऱ्हाईक सरले की अजिनाथ आईस संगणकाच्या पडद्यासमोर बसवी आणि एकेक छायाचित्र मोठे करून दाखवी. फुलाबाई बोट ठेवून सांगत,

“ह्यो लाल ठिपका तुजा बा. शेजारची हिरवी म्या.”

“आन् ही पिवळी गं?”

“गोजराक्का की! जलमभर माज्यापरीस उजळ लुगडं नेसायची. मेली तरी सवय न्हाय गेली भवानीची.”

थोरल्या चुलतीचे हे वर्णन ऐकून अजिनाथ हसे, फुलाबाईही हसत. मग त्या लाल ठिपक्यावर तळवा ठेवून बसत. पतीचे मुंडासे तेवढे त्यांना दिसे. त्याखालचा माणूस त्या अंतश्चक्षूंनी पुरा करीत. दिवसाकाठी तेवढेच एक दर्शन त्यांच्या वाट्यास उरले होते.

यंदा भाद्रपदात पुण्याच्या एका प्रकाशकाने मेंढपाळांच्या जीवनावरील ग्रंथासाठी अजिनाथकडे हा सगळा संग्रह मागितला. ग्रंथ कृष्णधवल छापायचा होता, म्हणून छायाचित्रेही तशीच हवी होती. निवड प्रकाशक करणार होता. एकेक चित्र हाती घेण्याचे कारण नव्हते. संगणकास एकदा आज्ञा दिली की तो ओळीने सर्वांचे रंग काढून टाकतो.

खंडेनवमीच्या सकाळी अजिनाथने ती आज्ञा दिली. एक गोष्ट मात्र पाहावयाची राहिली. शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो लहान करताना तो मूळ प्रतीच्याच जागी नवी प्रत ठेवीत असे. संगणकात तीच योजना अजून कायम होती. नवी चित्रे निराळ्या कप्प्यात जातील अशा समजुतीत त्याने स्नान केले, कॅमेरा, भिंगे आणि चालू संगणक पूजेस मांडले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. गल्लीतले मागही त्या दिवशी फुलांनी बांधलेले, स्तब्ध होते. पूजेला लागलेले हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हाताळायचे नाही, हा मागवाल्यांचा नेम त्याने पहिल्या वर्षापासून पाळला होता.

दुपारी नैवेद्य ठेवावयास त्याची मुलगी सोनाली आली. पडद्यावरील लहान लहान चित्रे एकामागून एक राखेसारखी होताना तिने पाहिली.

“अप्पा, ही आपली मूळचीच पांढरी व्हायला लागलीत. बंद करा की!”

“पूजेला बसलेल्या हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या बघू.”

“उद्या काय बघायचं? अजून निम्मी रंगीत हायत, अप्पा!”

“कप्पा निराळा दिलाय मी. तू फोटोवाली कधी झालीस गं? जा, आज्जीला जेवायला वाढ.”

सोनालीने हात पुढे केला. त्याने तो धरून मागे घेतला. देवाच्या कामात मन शंकित करू नये, असे त्यास प्रामाणिकपणे वाटले. यंत्र फुलांच्या माळेखाली आपले काम करीत राहिले.

दसऱ्यास उत्तरपूजा करून त्याने कप्पा उघडला. कोठेही लाल नव्हते. जपणुकीसाठी संगणकास जोडलेली हार्ड डिस्कची दुसरी तबकडी पहिलीतला प्रत्येक बदल आपोआप उतरवून घेत असे. तीही पूजेत होती. जाणकारांकडे दोन्ही नेल्या. एकाच्या जागी दुसरे लिहिले गेले आहे, आता हाती काही लागणार नाही, असे उत्तर सर्वत्र मिळाले.

फुलाबाई रोज विचारीत, “आज दावत न्हाईस व्हय रं?” आज वीज नाही, आज गर्दी आहे, अशी निमित्ते संपली तेव्हा त्याने एक चित्र लावले. त्या पडद्याजवळ वाकल्या.

“हे काय? निस्ता धुरळा हाय. तुजा बा कुटं गेला?”

ते त्यास सांगवले नाही. पुढले कित्येक दिवस दुकान अर्धे लोटून त्याने एकाच चित्रावर हाताने रंग चढविले. आईचे लुगडे हिरवे केले, गोजराक्काचे पिवळे. मुंडाशाशी मात्र हात अडला. उन्हापावसात विटलेला तो लाल नेमका कसा होता, हे इतकी वर्षे प्रत्यक्ष पाहूनही त्यास आठवेना. आठवेल तसा भरला आणि आईस बोलावले.

फुलाबाईंनी बोट ठेवले. बराच वेळ पाहिले. बोट उचलून पुन्हा ठेवले.

“लाल हाय,” त्या म्हणाल्या. “पर ह्यो त्येचा न्हवं. कुनाचा मानूस दावतुयास?”

“आई, माजं चुकलं गं. पूजेदिशी—” इतकेच त्याच्या मुखातून निघाले.

सारे ऐकून घेतल्यावर त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्यास काही आधार तरी मिळता. “ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या, “आता बुलवू नगंस मला.”

तेव्हापासून त्या सायंकाळी दुकानात येत नाहीत. मागच्या खिडकीशी बसतात. समोर रंगाऱ्याच्या अंगणात सुताच्या लाल, हिरव्या, पिवळ्या लडी वाळत असतात. त्या सर्व त्यांना दिसतात. त्यांत ओळखीचे कोणी नसते.