गुण आलेला माणूस

पत्र आलं की पाकीट फाडत नसत. चामडं कापायच्या सुरीनं, शिवण उसवावी तसं कडेनं उघडत.
आत उत्तरासाठी ठेवलेलं तिकीट आधी काढून मोहरीच्या रिकाम्या डब्यात टाकत. मगच पत्र वाचत.
बोलताना उजवा अंगठा तर्जनीवर घासत राहत, दोऱ्याला मेण लावल्यासारखा.
चहा बशीत ओतून पीत. बहीण आली की बशी खाली ठेवत.
रविवारी प्रार्थनेला चॅपलमध्ये शेवटच्या बाकावर बसत.
कुणी तब्येत विचारली तर म्हणत, "पेपरात छापलीय तशी."

रूबेन टिमिन्स मंगळवारी सकाळी गेले. मी शेजारच्या घरात भाड्यानं राहते. केझायानं, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, भिंतीवर तीनदा ठोकलं तेव्हा मी शाळेला निघाले होते. अजून मला नीट काही सुचत नाही. जे आठवतं ते लिहिते आहे.

ते खोगीर शिवणारे कारागीर. आमच्या वॉल्सॉल गावात दर तिसऱ्या घरात एक सापडेल. दोन सुया, एक दोरा. एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी टाका. चाळीस वर्षं हेच केलं. अठराशे पंच्याऐंशी साली त्यांच्या पोटात दुखू लागलं. कुणीतरी डॉ. विंटरबेकच्या पिवळ्या गोळ्या सांगितल्या. चार डब्या संपल्या आणि दुखणं थांबलं.

आरी चांगली निघाली तर ती बनवणाऱ्याला जाऊन सांगणारा हा माणूस. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. पोटात दुखत होतं, चार डब्या घेतल्या, आता दुखत नाही, आभारी आहे. एवढंच. महिन्याभरात पेपरात चाळीस ओळी छापून आल्या. वर नाव, गल्ली, घराचा नंबर, 'वय चोपन्न, ठणठणीत', आणि छातीपर्यंत दाढी असलेल्या एका गृहस्थाचं चित्र. रूबेन टिमिन्सनी आयुष्यात दाढी राखली नव्हती.

"काय रूबेन," चॅपलमधले लोक विचारत, "दाढी धुवायला टाकलीस वाटतं?"

"वाळत घातलीय," ते म्हणत.

मग पत्रं येऊ लागली. जाहिरातीवर लोकांचा भरवसा नसतो, पण घराला नंबर असलेल्या माणसावर असतो. साहेब, हे खरं आहे का? माझ्या नवऱ्याला असंच होतं. माझ्या आईला घ्यायला सांगू का? प्रत्येक पत्रात एक तिकीट. रूबेन टिमिन्स प्रत्येकाला उत्तर देत. आलेली पत्रं वर्षाच्या शेवटी एकावर एक रचून, कडेनं मेणाच्या दोऱ्यानं शिवून ठेवत.

"तुला काय पडलंय रे?" केझाया म्हणायची. "गोळ्या विकतो कोण, आणि खर्डेघाशी करतो कोण."

"तिकीट पाठवलंय त्यांनी. ते ठेवून गप्प बसलो तर चोरी झाली."

तीन वर्षांपूर्वी मी लंडनची साहित्याची पदवी घेऊन इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून एक कागद पुढे केला. "मास्तरीणबाई, यात जरा जीव घाला. माझं लिहिणं म्हणजे खिळे ठोकल्यासारखं."

मी एक वाक्य घातलं. 'मी अंथरुणातून उठलो तो पुन्हा जन्मल्यासारखा, आणि माझ्या जागी असलेल्या कुणालाही मी निःशंकपणे हाच मार्ग सांगेन.' त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. मान हलवली. तेव्हापासून ते वाक्य प्रत्येक उत्तरात गेलं. मला अभिमान वाटला होता. मी बावीस वर्षांची होते.

गेल्या शरदात दुखणं परत आलं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. गुण येईना तेव्हा कंपनीच्या डॉक्टरला लिहिलं. टपालानं फुकट सल्ला, असं जाहिरातीतच होतं. उत्तर आलं ते छापील. तुमचं पत्र काळजीपूर्वक वाचलं, तुमच्या प्रकृतीला दुप्पट मात्रा लागेल. नावापुरती जागा मोकळी सोडलेली, तिथे शाईनं 'मॅडम' लिहिलेलं.

केझायानं कागद उजेडात धरला. "दाढीवाली मॅडम," ती म्हणाली.

ते इतके हसले की पोट धरून बसावं लागलं. मग त्यांनी दुसरं पत्र धाडलं. मी बरा नाही, माझं नाव छापणं थांबवा. त्यालाही तेच छापील उत्तर आलं. पेपरात ते दर शनिवारी चोपन्न वर्षांचे आणि ठणठणीत राहिले.

फेब्रुवारीत केझायानं गावातल्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं पोट दाबून पाहिलं आणि बराच वेळ हात धुतले. शरदात आला असतात तर कापता आलं असतं, म्हणाला. ते शरदापासून गोळ्या खात होते.

मार्चच्या अखेरीला कॉर्नवॉलहून मिसेस ट्रेगीयर नावाच्या बाईंचं पत्र आलं. नवरा खाणीत कामाला. बाईंच्या पोटात गाठ. इस्पितळानं चौदा एप्रिल ही तारीख दिली होती. 'मला सुरीची फार भीती वाटते,' त्यांनी लिहिलं होतं. 'गोळ्यांनी भागत असेल तर मी जाणार नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.'

तिकीट डब्यात गेलं. पत्र चार दिवस टेबलावर पडून राहिलं. रविवारी दुपारी मी गेले तेव्हा दोघांचं त्यावरूनच चाललं होतं.

"जा म्हणून लिही की तिला," केझाया बटाटे सोलता सोलता म्हणाली. "यात चार दिवस कसला विचार करायचा?"

"हिला जा म्हटलं, तर मग आधीच्यांना काय सांगितलं होतं मी?"

"आधीच्यांचं आधीचे बघतील."

"त्यांनीही तिकीट पाठवलं होतं, केझी."

"तू काही खोटं नाही लिहिलंस. तेव्हा थांबलं होतंच ना दुखायचं?"

"थांबलं होतं." त्यांचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. "मला वाटलं, तेवढं पुरे."

थोड्या वेळानं त्यांनी कागद ओढला. मी म्हटलं, "मिस्टर टिमिन्स, मी मदत करू? तिच्या मनाला पटेल असं लिहू."

त्यांनी कागदावर तळहात ठेवला. "नको, मास्तरीणबाई. हे पत्र चांगलं व्हायला नको."

त्यांनी लिहिलं ते असं: 'बाई, इस्पितळात जा. गोळ्यांनी मला बरं वाटलं होतं. दुखणं परत आलं. मी हिवाळाभर गोळ्या खात बसलो आणि उशीर केला. तुम्ही करू नका. पेपरातलं चित्रसुद्धा माझं नाही.'

केझाया तशीच उठली आणि ओल्या हातांनी पत्र पेटीत टाकून आली.

चौदा तारीख गेली. ते दिवसातून चारदा पोस्टमनच्या पावलांकडे कान लावून बसत. पंधरा, सोळा, सतरा. मी शाळेतून आले की खिडकीतूनच मान हलवून नाही म्हणत. एकोणीसला कार्ड आलं, बाईंच्या नवऱ्याचं. गाठ काढली. उशीला टेकून बसते, सूप घेतलं. 'ती म्हणते, चित्र तुमचं नाही हे वाचलं तेव्हा तुमच्यावर विश्वास बसला.'

त्यांनी कार्ड तीनदा वाचलं, मग केझायाला दिलं.

"झालं ना आता?" ती म्हणाली. "पड जरा."

"माळ्यावरचे गठ्ठे काढ."

"कशाला?"

"बाकीच्यांना लिहायचंय."

नऊ वर्षांचे नऊ गठ्ठे. तीनशे बारा पत्रं. आपल्याच हातची शिवण त्यांनी आपल्याच सुरीनं उसवली. सगळ्यांत जुन्यापासून सुरुवात केली. मांडीवर चामडं कापायची फळी, पाठीला दोन उशा. मजकूर प्रत्येकाला एकच. मी तुम्हाला अमुक लिहिलं होतं. ते पुरतं नव्हतं. अजून दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा. आधी दिवसाला दहा होत, मग पाच, मग दोन.

"अर्धे मेले असतील त्यातले," केझाया म्हणाली. तिकिटं मात्र तीच आणत होती.

"मग पत्र परत येईल."

काही खरंच परत आली. ती त्यांनी पत्ता खाली करून वेगळी ठेवली. कधी मोजली नाहीत. मी एकदा हात लावला तर म्हणाले, "असू द्या तिथंच."

मे महिना सरताना सहावा गठ्ठा संपत आला. सातव्यात माझं वाक्य होतं. मी आठवडाभर धीर गोळा केला.

"पुढच्या पत्रांत ते वाक्य माझं आहे," मी म्हटलं. "तसं लिहा. शेजारच्या बाईनं घातलं म्हणून लिहा."

त्यांनी टाक पुसला. "सही कुणाची होती?"

"तुमची. पण..."

"मग झालं."

"मिस्टर टिमिन्स, मला झोप लागत नाही."

त्यांनी टाक खाली ठेवला. त्यांचा हात फार हलका झाला होता. माझ्या हातावर ठेवला तरी वजन लागेना. "बघू," ते म्हणाले. "तिथवर पोचलो की बघू."

सोमवारी संध्याकाळी त्यांनी सातव्या गठ्ठ्याचा दोरा उसवला. मंगळवारी ते गेले. काल दफन झालं. आज शनिवार. पेपर आला, त्यात ते आहेतच, दाढीसकट. केझायानं तो न वाचता चुलीपाशी ठेवला आणि फळी माझ्यापुढे आणली. फळीवर एक कागद होता, वर सुरी, तिच्या पात्याला मेण.

"हे शेवटचं, सोमवारी रात्री लिहीत होता ते," ती म्हणाली. "मला ते बारीक दिसत नाही. वाच, पोरी."

मी वाचलं.

'प्रिय मिसेस ऑलसॉप, तीन वर्षांपूर्वी तुम्ही तुमच्या बहिणीसाठी विचारलं होतं. मी उत्तरात लिहिलं होतं की मी अंथरुणातून उठलो तो पुन्हा जन्मल्यासारखा. ते वाक्य'