जज्जांच्या दारातून आलेला माणूस

विषय : जुन्या काउंटी कोर्टाच्या इमारतीत स्वयंसेवक गाईड म्हणून नेमणूक मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराने स्वतःच्या हाताने घातलेला घोळ.

वरील विषयास अनुसरून सादर करतो की, जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला अर्ज कुणाच्या हातात द्यावा हे कळलं नाही! हसा, हसा. आमची ही तर अजून हसते आहे.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला मुलाकडे राहायला आलो. मुलगा आणि सून सकाळी आठला ऑफिसला जात. मागे घरात मी, सुमन आणि डिशवॉशर. तिघांपैकी काम फक्त डिशवॉशरला. सहा महिन्यांत कौन्सिलचं कचरा नेण्याचं वेळापत्रक मला तोंडपाठ झालं. शेजारी मला विचारून डबे बाहेर ठेवायला लागले, तेव्हा मी घाबरलो. म्हटलं, आता काहीतरी काम शोधायलाच हवं, नाहीतर उरलेलं आयुष्य हेच आपलं पद!

अशात ट्रेननं अर्ध्या तासावरच्या एका गावातलं जुनं कोर्ट पाहायला गेलो. दारावर पाटी : गाईड हवेत, अर्ज इथे द्यावा. जुनं कोर्ट, रिकामा माणूस. देवानं जाहिरात माझ्याच नावानं काढली होती की हो!

इमारत काय सांगू! समोर चार दगडी खांब, आत उंच घुमटाकार छत, जज्जांच्या खुर्चीवर लाकडी छत्री आणि तिच्यावर राजचिन्ह. पूर्वी लंडनहून जज्ज वर्षातून दोनदा यायचे. म्हणजे न्याय वर्षातून दोनदा. आमच्याकडे कोर्ट रोज भरायचं, न्यायाचं प्रमाण साधारण तेवढंच.

पण खरी अक्कल दारांत होती. जज्जांचं दार वेगळं, ज्यूरीचं वेगळं, साक्षीदारांचं वेगळं, लोकांचं वेगळं. आरोपी तर दारानं येतच नसे. खालच्या कोठडीतून अरुंद जिना थेट आरोपीच्या पिंजऱ्यात निघायचा. कोण कुठून आला एवढं पाहिलं की तो कोण हे कळलंच पाहिजे, असा बांधणाऱ्याचा हिशेब. मला तो फारच पटला. तिथेच फसलो.

पुढच्या रविवारी इमारत सगळ्यांना फुकट पाहायला खुली होती. मी सूट घालून, अर्ज तीन प्रतींत घेऊन हजर. सोबत सुमन. आत तीसेक माणसं बाकांवर बसून केक खात होती. गाईड एकही नाही. म्हणूनच तर पाटी!

एवढ्यात पिंजऱ्यात हालचाल झाली. जिन्यातून एक साठीच्या बाई वर आल्या. एप्रनवर पीठ, हातात चहाचा ट्रे. सरळ माझ्याकडेच आल्या.

"ते पाकीट आमच्यासाठी का? गाईडचा अर्ज? द्या माझ्याकडे."

"थँक यू मॅडम," मी म्हणालो, "पण अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडेच द्यायचा असतो."

"अगदी बरोबर," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

"दोन चहा मात्र द्या. एक बिनसाखरेचा."

सुमननं कोपर मारलं. "अहो, द्या की त्यांच्याकडे! पोचवतील त्या."

"चहावाल्या बाईंकडे अर्ज? तू गप्प बस. मी कोर्टात वाढलोय."

"वाढला असाल. शहाणे कधी झालात?"

मी उत्तर देणार, तोच जज्जांचं दार उघडलं. आत आले ते उंच, पांढऱ्या केसांचे, पायघोळ काळ्या कोटातले गृहस्थ. चेहऱ्यावर तोच सगळ्या जगाला कंटाळल्याचा भाव. अहो, चौतीस वर्षं तो भाव पाहत आलोय! पाय आपोआप ताठ झाले आणि तोंडातून आरोळी गेली, "ऑल राइज!"

छत असं बांधलेलं की आवाज नुसता दणाणला. आणि इंग्रज माणसाला ठाम आवाजात काहीही सांगा, तो करतो. तीसच्या तीस माणसं कपबशा सांभाळत उभी! त्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नाही. मग त्यांनीही जराशी मान झुकवली.

मी डायससमोर गेलो, कमरेत वाकलो आणि पाकीट दोन्ही हातांनी वर धरलं. ते वाकून घेत म्हणाले, "चिअर्स, मेट."

मला चक्क 'थँक्स, दोस्त' म्हणाले! काय साधा माणूस! न्यायमूर्ती असावा तर असा! त्यांच्याकडे पाठ न करता मी उलट पावली मागे सरकत गेलो आणि केकच्या टेबलावर जाऊन आदळलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे.

मग न्यायमूर्तींनी पाकीट कोटात कोंबलं, खुर्चीमागे वाकले आणि पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली उचलली. छत गळत होतं. बादली घेऊन ते आल्या दारानं निघून गेले.

मी तसाच उभा. तोवर सुमन त्या बाईंशी गप्पा मारून परत आली होती.

"खालच्या कोठडीत आता स्वयंपाकघर आहे," ती म्हणाली. "जज्जांच्या खोलीत मॉप आणि बादल्या असतात. तुमचे न्यायमूर्ती म्हणजे इथले केअरटेकर, टेरी. आणि चहावाल्या बाई ही इमारत चालवणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्षा. गाईड त्याच नेमतात."

मी धावतच बाईंकडे गेलो. "मॅडम, अर्जाची दुसरी प्रत..."

"छे, छे!" त्या म्हणाल्या. डोळ्यांत मात्र हसू मावत नव्हतं. "मूळ अर्ज टेरीकडे गेलाय ना? आता तो त्याच्याकडूनच वर यायला हवा. सक्षम अधिकारी, तुम्हीच म्हणालात."

"कधी येईल?"

"टेरी उद्या दोन आठवडे स्पेनला चाललाय." मग दुसरा कप पुढे करत म्हणाल्या, "हा घ्या, बिनसाखरेचा. आणि ती आरोळी, मिस्टर खरे, अप्रतिम होती."

महिन्यानं पत्र आलं. आपला अर्ज मिळाला, तो समितीपुढे ठेवण्यात येईल. मी ते दोनदा वाचलं. हेच वाक्य मी हयातभर लोकांना टाइप करून पाठवलं आहे, आणि पाठवल्यावर कागद कुठल्या कपाटात जातो तेही मला माहीत आहे.

आता रोज पोस्टमन गेला की सुमन दाराशी हात जोडून उभी राहते. "साहेब, आमच्या अर्जाचं काय झालं हो?"

"पुढच्या महिन्यात या," मी म्हणतो.

समितीची बैठक अद्याप झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.