सत्यवतीमावशीचा सोमवार

सोमवारी मासे कोण घेणार, म्हणून बाकीच्या कोळणी घरी बसतात. मोरवा गावची सत्यवतीमावशी मात्र सोमवारीही शहरात हाटकेशला येते. रविवारी संध्याकाळी कोयता धुऊन, हळदकुंकू लावून ती देवापुढे ठेवते आणि सकाळी धुवट लुगडं नेसून, अंबाड्यात फूल माळून, सोसायटीच्या गेटाशी आपल्या रोजच्या जागेवर रिकाम्या हातांनी चांगली तासभर बसते.

मृणालिनीला वाटलं, मावशीचा वार चुकला. घरून काम करणारी मृणालिनी दूध आणायला खाली उतरली होती. कानात मीटिंग चालूच होती.

"मावशी, आज सोमवार. पाटीपण नाही. मग एवढ्या लांब कशाला आलात?"

"बसाया."

"मग घरी नाही का बसता येत?"

"घरी कामं दिसतात गो," मावशी फणकारली. "आन् हितं सहा दिस खाली मान घालून मावरं कापते. डोक्यावर एवढं झाड हाय, ते मला बारा वर्सांनी दिसलं. देवानं मांडून ठेवलंय, कोनी बघाया नको?"

मृणालिनीने वर पाहिलं. करंज फिकट जांभळ्या फुलांनी लगडला होता. याच झाडाखाली ती कितीदा तरी कॅबची वाट बघत उभी राहिली होती.

"तिसऱ्या माळ्यावरची तुळस तुझीच ना?" मावशीने विचारलं.

"हो. का?"

"गेल्या सोमवारी हिरवी होती."

कानात कुणीतरी मृणालिनीचं नाव पुकारत होतं. तिने इअरफोन काढून खिशात टाकले आणि दूध न घेताच ती जिन्याकडे धावली.