पूजेचा मायक्रोस्कोप

बी.एड.च्या सरावपाठांसाठी मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात जात होतो. तिथले विज्ञानाचे सर मायक्रोस्कोप कपाटात कुलूप लावून ठेवायचे. "फुटंल की वो!" एवढंच कारण. खंडेनवमीला तेवढा तो बाहेर निघायचा, हळदकुंकू लावून घ्यायचा आणि परत आत जायचा.

कांद्याच्या पेशी दाखवायला मी तो हट्टानं मागून घेतला. पोरं ओरडली, "सर, लाल ठिपके हायत की!" भिंगावर कुंकू होतं. मी पुसायला रुमाल काढला, तर सरांनी माझा हात धरला. "पूजेचं हाय, पुसू नका." मग वर्गाकडं वळून म्हणाले, "वहीत काढा रे ठिपके. दिसतंय ते काढायचं, विज्ञान हाय हे!"

माझ्या पाठावर त्यांनी शेरा दिला : 'शिक्षकाने निरीक्षणशक्ती वाढवावी.'