चुकलं म्हण, सुटशील

नातवाचं नाव मी इथे लिहीत नाही. लहान पोराच्या केसमध्ये नाव फोडायचं नाही, असा कायदा आहे म्हणे. पण मुलगा राहतो त्या रोह्याजवळच्या अष्टमी गावात चहाच्या टपरीपासून शिकवणीच्या बाईंपर्यंत सगळ्यांना ते कळलं, कारण पोलिसांची गाडी थेट शाळेच्या फाटकात उभी राहिली. दहावीतलं पोर, शाळेच्याच कपड्यांत गाडीत घातलं.

झालं इतकंच, की मोबाईलच्या दुकानातून एक फोन गेला आणि त्या वेळी नातू आणि त्याचे दोन सोबती काउंटरपाशी उभे होते. फोन कुणाकडेच सापडला नाही. मी गावाहून, जित्याच्या स्टेशनात गाडी पकडून रोह्याला पोचलो तेव्हा नातू पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसलेला, समोर कोठडी. मी चौथी शिकलेला माणूस, तरी पोराला तिथे बसवू नये एवढं मला कळतं. तसं बोललो तर हवालदार म्हणाला, "बाबा, कायदा आम्हाला नका शिकवू. पाणी प्या."

माझा मुलगा कंपनीची शिफ्ट टाकून आला होता. तो पोराच्या कानाशी लागलेला. "चुकलं म्हण. म्हणजे घरी जाऊ."

हे 'चुकलं' कुठलं ते सांगतो. आमच्या गावकीत तशी रीत आहे. कुणाच्या पोराने आंबे पाडले, कुणाचं कौल फुटलं, की बाप पोराला घेऊन देवळात येतो, नारळ ठेवतो आणि पोर म्हणतं, चुकलं. केलं की नाही, कोण विचारत नाही. नारळ फुटतो, खोबरं सगळे खातात, दुसऱ्या दिवशी विषय काढायचा नाही. मला ही रीत कधी पटली नाही. न केलेल्याचा नारळ मी ठेवला नाही. त्यापायी वर्षभर आम्हाला कुणाच्या हळदीचं बोलावणं नव्हतं. मुलगा मात्र आईवर गेलाय. त्याला वाटलं, ठाणं म्हणजे मोठी गावकी.

पोराने चुकलं म्हटलं. घरी सोडलं खरं, पण पुढे बाल न्याय मंडळाची तारीख लागली.

वडखळला एसटी बदलून आम्ही तिघे मंडळात जातो. एकदा मंडळाच्या मॅडम रजेवर, एकदा ठाण्याचे कागदच आलेले नाहीत. दर खेपेला शाळा बुडते, शिफ्ट बुडते. मागच्या खेपेला शेवटी आत बोलावलं. मॅडमनी त्याला खुर्चीवर बसवलं. "घाबरू नकोस. काय झालं?"

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

पोर बापाकडे बघायला लागलं. "सगळंच," म्हणालं.

मी उठलो. "मॅडम, त्याने काय केलेलं नाय. त्याला शिकवलंय तसं."

शिपायाने खांदा दाबला. "आजोबा, तुमची पाळी नाय."

तुमचंही ऐकते, मॅडम म्हणाल्या; आधी त्याला फुकट वकील मिळेल, तो त्याच्याशी बोलेल. बोलल्या चांगलंच. पण त्यासाठी पुन्हा पुढची तारीख.

बाहेर कॅन्टीनमध्ये मुलगा माझ्यावर उखडला. "बाबा, मध्ये कशाला उठता? समज देऊन सोडलं असतं."

"कसली समज? चोरीची?"

"कसली का असंना. सुटला असता."

"व्हय, सुटला असता. चोर म्हणून."

पोर वडापाव नुसता हातात धरून बसलं होतं. मी त्याला म्हटलं, "तू जे झालं ते सांग. बास."

"सांगितलेलं, आजोबा. ठाण्यात, पप्पा यायच्या आधी. मी नाय घेतला म्हटलं, तर साहेबांनी कानाखाली दिली. मग चुकलं म्हटलं, तेव्हा चहा दिला."

हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. मुलाने कप खाली ठेवला.

"हे पण मॅडमना सांग," मी म्हटलं.

"नाय सांगायचं," मुलगा म्हणाला. "तुमी जित्याला उतरून घरी जाल, बाबा. आम्हाला त्याच ठाण्याच्या हद्दीत राहायचंय."

यावर मी आवाज चढवला. आजूबाजूचे बघायला लागले तसं पोर उठून एसटीकडे चालू लागलं.

पुढची तारीख सराव परीक्षेच्या आठवड्यात पडली आहे. मी रोज फोन लावतो, खरं तेच बोलशील ना, म्हणून विचारतो. परवा तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण पप्पांसारखंच करताय. काय बोलायचं ते शिकवताय."

फोन त्याने ठेवला नाही. मीच ठेवला.