बोटाखालचं गणित

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही. तुमच्यापाशी भाव राखून काय करू?

मी बोईसरजवळच्या नवापूरची. बोईसरच्या बाजारात मासे विकते. डोक्यावरच्या एका पाटीपासून सुरुवात केली, आज स्वतःचा गाळा आहे. घासाघिशीत मला हरवणारं माणूस अजून यायचं आहे. शिक्षण चौथीपर्यंत. मराठी लिहिते, वाचते. पण माझी वैशाली सेमी-इंग्रजीत. तिचं गणित सगळं इंग्रजीत.

ती सहावीत असताना पालकसभेत तिच्या बाई म्हणाल्या, "ताई, तुम्हाला नाही जमायचं हे. शिकवणी लावा." सगळ्यांसमोर! तो शब्द अजून माशाच्या काट्यासारखा घशात आहे. मी तिथंच ठणकावलं, "शिकवणी कशाला? वही रोज मी स्वतः तपासते!"

बोलून तर बसले. आता?

दुपारी बाजारातून आले की मी अंगणात बोंबील वाळत घालायची, वैशाली पायरीवर वही घेऊन बसायची. मी ओले हात पदराला पुसून वही घ्यायची, कपाळाला आठ्या घालायची, आणि कुठल्याही गणितावर बोट ठेवायची. "हे बघ परत." बघायची मात्र तिच्या तोंडाकडे. गिऱ्हाईक 'नको' म्हणतं पण पाय हलत नाही, हे मला लांबून कळतं. हेही तसंच. खात्री असली की पोर सरळ माझ्या डोळ्यांत बघायची. नसली की हात खोडरबराकडे. मग मी म्हणायची, "कसं केलंस, सांग मला." सांगता सांगता चूक तिची तिलाच सापडायची.

"आये, तुला कसं गं कळतं सगळं?"

"कल्ले बघून मासा कळतो, मग वही नाय कळनार?"

ती खो खो हसायची, तेवढ्यात कावळा बोंबील पळवायचा, मग त्याच्यामागे आम्ही दोघी. खोटं कशाला बोलू, त्याहून गोड दुपारी मला आठवत नाहीत.

इथवर लबाडी. ती मी कुणालाही हसत सांगेन. पण पुढचं —

एकदा बाजारात भांडून आले होते. डोकं तापलेलं. बोट ठेवलं. पोरीने डोळ्यांत बघून सांगितलं, "बरोबर हाय, आये." आणि मला कळलं होतं — बरोबरच आहे. चेहरा वाचायला मी चुकत नाही. पण माघार घ्यायची सवय कुठं होती मला? "मला शिकवतेस?" म्हणून थोबाडीत दिली. तिने उत्तर खोडलं. मुसमुसत दुसरंच काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यावर लाल फुली. चूक कुणाची ते ठाऊक होतं, पण बाईंवरचा जुना राग होताच, वही आणि पोरीला घेऊन शाळेत जाऊन थडकले. बाईंनी वही उजेडात धरली. खोडलेलं उत्तर खाली दिसत होतं.

"अगं, बरोबर होतं की! खोडायला कुणी सांगितलं?"

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मीच खोडलं, बाई. मला वाटलं चुकलं."

आणि मी? अख्खा बाजार दणाणून सोडणारी मी — मान डोलावली. वर म्हणाले, "बघा ना, धांदरट आहे नुसती."

घरी येताना तिने माझा हात सोडला नाही. सोडायला हवा होता, नाही का?

आता ती पालघरला नोकरी करते. रविवारी गल्लीतली पोरं त्याच पायरीवर जमतात. नुसता गोंगाट, खिदळणं. ती गणितावर बोट ठेवते, "कसं केलंस, सांग." एखादं पोर छाती पुढे काढून म्हणतं, "बरोबर हाय, ताई." ती म्हणते, "मग बरोबरच हाय," आणि पान उलटते. मी बोंबील पालथे करत ऐकते. ऊर भरून येतो.

शेजारणी म्हणतात, आईने घडवली हो पोरगी.

मी मान डोलावते. त्या दिवशी शाळेत डोलावली होती, तशीच.